बाबांना झोपवा

९ जानेवारी, गुरुवार

माझं सगळं बदललं ते परवा मंगळवारी, सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी. मी गादीवर लोळत मोबाइलमध्ये मृणालचे जुने फोटो बघून राहिलो होतो. बाबांच्या नंबरवरून फोन आला. कट केला. परत आला, परत कट केला. तिसऱ्यांदा उचलला तर भलताच माणूस. "भैया, ये अंकल नंदिनी रोड पे गिरे पड़े हैं. साँस चल रही है. जल्दी आओ."

दोनदा कट केला हे आईला सांगितलेलं नाही. इथे लिहितो, बस.

स्कूटर रस्त्यावर सांडलेल्या गिट्टीवर घसरली आणि बाबा पुलाच्या कठड्यावर डाव्या अंगानं आदळले. हेल्मेट होतं म्हणून डोकं वाचलं. डावीकडच्या सहा फासळ्या मोडल्या, आत फुप्फुसाला मार बसला. दुपारपर्यंत बोलत होते. संध्याकाळी श्वास पुरेना, तेव्हा घशात नळी घालून व्हेंटिलेटरवर घेतलं. आयसीयूत कोपऱ्यातली काचेची खोली, बेड नंबर सहा. भेटायची वेळ सकाळी अकरा आणि संध्याकाळी पाच, एका वेळी एकच जण. बाकी दिवसभर आई आणि मी बाहेरच्या लोखंडी खुर्च्यांवर.

मोठ्या डॉक्टर प्राची सोनटक्के आहेत, नागपूरच्या. इथे भिलाईत मराठी ऐकून आईला जरा बरं वाटलं. मला म्हणाल्या, "रोज दोन ओळी लिहून ठेव. औषधाच्या झोपेतून बाहेर आलेल्या पेशंटला मधले दिवस सापडत नाहीत. घरच्यांनी लिहिलेलं वाचलं की धीर येतो."

मी हो म्हटलं. पण ही वही बाबांना दाखवणार नाही. कारण यात मंगळवारी सकाळी काय झालं तेही लिहावं लागेल.

तर ते असं. इंजिनीअरिंगचं तिसरं वर्ष मी ऑक्टोबरात सोडलं. कॅन्टीनमध्ये मृणालच्या बाजूला बसलेल्या पोराला मी हाणलं, त्यानंतर ती माझ्याशी बोलेना. मग कॉलेजात जाऊन करायचं काय? मंगळवारी चहा पिता पिता बाबा म्हणाले, "परीक्षा तं देऊन दे. बाकी मंग पाहू." माझं डोकं सरकलं. मी म्हणालो, "तुम्ही कोणते दिवे लावले? जिंदगीभर क्रेनखाली उभं राहून हात हलवले. हात हलवायचाच पगार घेतला."

बाबांनी कप धुतला, पालथा ठेवला, हेल्मेट घातलं आणि गेले. नंदिनी नगरला मृणालचं घर आहे. तिकडे कशाला गेले असतील ते मला पक्कं ठाऊक आहे. माझ्याविरुद्ध सांगायला.

१० जानेवारी, शुक्रवार

सकाळी अकराला आत गेलो. कुणी सांगितलं नव्हतं की ते जागे असतील.

दोन्ही मनगटं कापडी पट्ट्यांनी पलंगाच्या दांडीला बांधलेली. तोंडात नळी, नळी हलू नये म्हणून गालांवर चिकटपट्टी. आणि डोळे उघडे. मी दारातून आत आल्यापासून ते माझ्यावरून हललेच नाहीत. असं बघत होते की मला उभं राहवेना. मशीन कोकलायला लागली. त्यांचा खांदा उचलला जात होता, पट्टी ताणली जात होती. मला वाटलं, हात सुटला तर एक कानाखाली पडेल. पडायला पाहिजेच, पण नळी असलेल्या माणसाच्या हातून नको.

मी ओरडलो, "झोपवा यांना! आदमी तड़प रहा है और तुम लोग देख रहे हो?"

भूमिका सिस्टर म्हणून एक जण आहेत, धमतरीकडच्या, वयानं माझ्यापेक्षा फार मोठ्या नसतील. त्या शांतपणे म्हणाल्या, "भैया, हमीं ने जगाया है. रोज सुबह नींद की दवा रोक के देखते हैं, बात समझ रहे कि नहीं, साँस खुद ले पा रहे कि नहीं. ऐसे ही मशीन छूटती है."

"नहीं छुड़ानी मशीन. सुलाओ पहले."

बाहेर आलो तर आई म्हणाली, "कसे हायेत?" मी सांगितलं, "झोपले आहेत."

११ जानेवारी, शनिवार

आज पुन्हा तेच. पुन्हा तेच डोळे. मी मोबाइल काढून व्हिडिओ करायला लागलो. मोठ्यानं म्हणालो की हा व्हिडिओ अख्ख्या भिलाईत फिरवीन. सिक्युरिटीवाला धावून आला, त्याची कॉलर धरली. डॉ. प्राची मॅडम त्यांच्या आईच्या ऑपरेशनसाठी शुक्रवारीच नागपूरला गेल्या, आता आठवडाभर नाहीत. ड्यूटीवर दुसरे डॉक्टर होते, घामाघूम झालेले. म्हणाले, "ठीक है, ठीक है. नहीं जगाएँगे. सेडेशन गहरा रखते हैं. आप शांत हो जाओ."

कुणीतरी पाहिजेच ओरडणारं. आई तर सगळ्यांना हात जोडते.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. आईनं तिळगूळ आणला, सिस्टर लोकांना वाटला, एक लाडू बाबांच्या उशाशी ठेवला. सिस्टरनी उचलून परत दिला.

चार दिवस झाले, बाबा एकदम शांत आहेत. आता मी आत जातो, पूर्ण अर्धा तास बसतो. डोळे मिटलेले असले की बसता येतं. त्यांची नखं मी कापली. कपाळावर एक आठी तेवढी कायम आहे, पण ती ऊन असो सावली असो, आधीपासूनच असायची बहुतेक.

मृणालला लिहिलं, बाबा व्हेंटिलेटरवर आहेत. एवढे दिवस एक टिक पडायची, आज दोन पडल्या आणि निळ्या झाल्या. उत्तर आलं. "काकांचं समजलं, खूप वाईट वाटलं. पण प्लीज, या निमित्तानं मेसेज करू नको."

खूप वाईट वाटलं, म्हणते. 'खूप' हा शब्द तिनं उगाच नाही लिहिला. बाकीची ओळ तिच्या घरच्यांच्या भीतीची.

१६ जानेवारी, गुरुवार

संध्याकाळी बाबांचा उजवा हात हलत होता. मनगट बांधलेलं, म्हणून फक्त बोटं. तर्जनी खाली गादीकडे, आणि बारीक बारीक गोल. मग अंगठा. मग पंजा चादरीवर आडवा, इकडून तिकडे. थांबायचा, पुन्हा सुरू.

डॉक्टर म्हणाले, "बेहोशी में होता है. चादर नोचते हैं मरीज." झोपेचं औषध अजून वाढवलं. त्यानं बीपी खाली जातं म्हणून दुसरं एक कमी केलं. मी मान हलवली. दुसरं कोणतं, ते विचारलं नाही. तासाभरात बोटं थांबली.

१७ जानेवारी, शुक्रवार

हे सगळं आजच लिहून ठेवतो.

दौलतकाका आले. दौलतराव हेडाऊ, बाबांचे स्टील प्लांटमधले जोडीदार. रेल यार्डात काका वर क्रेनच्या केबिनमध्ये आणि बाबा खाली, हातानं सिग्नल देणारे. यार्डात आवाज एवढा की बोललेलं ऐकू येत नाही, सगळं हातावर चालतं. पुढे गुडघे गेले म्हणून बाबांना टाइम ऑफिसात क्लार्क केलं, त्याला नऊ वर्षं झाली. मी विसरूनच गेलो होतो. म्हणजे त्या मंगळवारी टोमणा मारण्यापुरतं आठवलं होतं.

मी माझी पाळी काकांना दिली. अकराच्या पाळीला डोस उतरलेला असतो, बोटं पुन्हा सुरू असतील, ती बघायची नव्हती. पाच मिनिटांत काकांचा आवाज बाहेरपर्यंत.

"सुजय! इकडे ये बे!"

भूमिका सिस्टरनी दोघांना आत घेतलं. बोटं चालूच होती.

"हे काय हाय?" काकांनी विचारलं.

"झोपेत हात हलतो त्यांचा, काका. डॉक्टर म्हणाले…"

"झोपेत? हा झोपेत हाय? अबे, हा ड्यूटीवर हाय!" त्यांनी माझी मान धरून मला खाली वाकवलं, त्या हाताजवळ. "पाह्य. बोट खाली आन् गोल, म्हणजे लोड उतरव. अंगठा पाह्य कुठे चालला. डावीकडे. आन् हा पंजा आडवा, म्हणजे थांबव. तीनच गोष्टी सांगून राहिला माणूस. डावीकडे लोड आला, उतरव, थांबव. वीस वर्सं मी याचं तोंड नाही पाह्यलं, हात पाह्यला. मी वर असतो तं केव्हाच उतरवलं असतं."

भूमिका सिस्टरला मराठी अर्धीच कळते. पण त्यांनी आधी बाबांच्या पाठीमागची उशी बघितली. सकाळच्या शिफ्टनं त्यांना डाव्या कुशीवर वळवलं होतं. पाठीला जखम होऊ नये म्हणून दर दोन तासांनी कूस बदलतात. तुटलेल्या सहा फासळ्यांवर अख्खा माणूस.

त्यांनी आयाला हाक मारली, दोघींनी मिळून उजवीकडे वळवलं. मशीनवर नाडी एकशेचौतीस होती. आम्ही तिघं तिथेच बघत उभे राहिलो. एकशेवीस. एकशेबारा. बोटं थांबली.

मग सिस्टरनी चार्ट उघडला. झोपेचं औषध शनिवारपासून चढत गेलेलं. दुखण्याचं औषध उतरत गेलेलं, आणि काल संध्याकाळी जवळपास बंद. काल कमी केलेलं 'दुसरं' ते हे.

"सोए हुए का दर्द कौन देखता है," त्या म्हणाल्या. माझ्याकडे बघून नाही, चार्टकडे बघून.

काका बाहेर येऊन खुर्चीवर बसले आणि रडले. मी नाही रडलो. कारण एक गोष्ट त्यांना माहीत नाही. तो आडवा पंजा मला येत होता. घरी जेवताना पोळी नको झाली की बाबा तोच पंजा ताटावर आडवा हलवायचे. लहानपणापासून बघतो आहे. थांबव. बस. काल संध्याकाळी मी त्या पंज्यासमोर अर्धा तास बसलो होतो.

२० जानेवारी, सोमवार

डॉ. प्राची शनिवारीच परत आल्या आहेत. सगळा चार्ट वाचला. मग मला आत नेलं. मला वाटलं हाकलतात.

म्हणाल्या, "बोलता न येणाऱ्या माणसाचं दुखणं चार ठिकाणी दिसतं. कपाळ बघ, आठी आहे का. हातपाय बघ. दंड हातात घेऊन वाकवून बघ, ताठ आहे का. आणि मशीन बघ, मशीनशी भांडतात का. आधी हे चार. दुखणं आधी थांबवायचं. त्यानंतरही घाबरले, तरच थोडं झोपेचं. उलटं केलं की माणूस आतल्या आत दुखत राहतो आणि आपल्याला वाटतं, किती शांत आहे."

मी विचारलं, "माझ्यामुळे झालं?"

"ऑर्डर डॉक्टरनं लिहिली, तू नाही. त्याचं मी बघते." मग म्हणाल्या, "पण तू खूप ओरडलास, हे खरं आहे. ओरडणाऱ्याच्या पेशंटला सगळे लवकर झोपवतात."

आता दुखण्याचं औषध पंपानं चालू आहे, झोपेचं अगदी थोडं. कूस बदलायच्या आधी वेगळा डोस. बाबा सकाळी डोळे उघडतात. हात दाब म्हटलं की दाबतात. आई दोन दिवस नुसती हात दाबायलाच जाते. मी पाच मिनिटं बसतो आणि त्यांच्या पायांकडे बघतो.

२१ जानेवारी, मंगळवार

आज आईला विचारलंच, बाबा त्या दिवशी नंदिनीला माझी चुगली करायला गेले होते ना?

आई डबा उघडत होती, तिनं झाकण परत लावलं.

"चुगली? तुयासाठी गेले ना रे ते. पोरीचे बाबा सोमवारी फोनवर बोलले. तुमचा पोट्टा आमच्या फाटकासमोर तीन-तीन घंटे उभा राह्यते, पोरगी बाहेर निघाले भेते, आता आमी पोलिसात देतो म्हणे. हे म्हणाले, मी येतो, पाया पडतो, पोराच्या नावावर केस नका करू. तुले नाही सांगतलं, तू अजून भडकला असता."

"मग?"

"मंग काय. ते गेले, हात जोडले. त्याईनं चहा पाजला म्हणे. परत येतानाच…"

मी म्हणालो, कुणी सांगितलं होतं हात जोडायला? मी काय चोर आहे? प्रेम करतो मी तिच्यावर. आणि खुर्चीला लाथ मारून खाली उतरलो. वैशाली नगरपर्यंत पायी गेलो आणि परत आलो. येताना थंडीनं कान दुखायला लागले.

पोरगी बाहेर निघाले भेते. मृणाल मला घाबरते, हे आईनं तिच्या मनानं घातलं असेल.

२२ जानेवारी, बुधवार

नसेल घातलं.

संध्याकाळी आत गेलो तर बाबा जागे होते. आज पहिल्यांदा डोळ्यांकडे बघितलं. इतके दिवस मी समजत होतो की ते मला दोष देत आहेत. तसं काहीच नव्हतं तिथे. कपाळावर आठी होती. मी सिस्टरला सांगितलं, "आठी है." त्यांनी डोस दिला. आठी गेली. डोळे तेच राहिले, माझ्यावर.

म्हणजे त्या पहिल्या दिवशी ते फक्त सांगत होते, की दुखून राहिलं.

२६ जानेवारी, रविवार

ताप. छातीत न्युमोनिया भरला आहे. बरेच दिवस पडून असलेल्या, गाढ झोपवलेल्या पेशंटला होतो. डॉक्टरांनी वाक्य अर्धंच सोडलं. गळ्याला भोक पाडून तिथून नळी घातली, तोंड मोकळं झालं. ओठ हलतात, आवाज येत नाही.

मी ठरवलं आहे, आता एक थेंब झोपेचं औषध जाऊ देणार नाही. बाहेर काचेतून पंपावर नजर ठेवतो.

२८ जानेवारी, मंगळवार

ठरवल्याप्रमाणे भांडलो. पाठीला शेवटी जखम झालीच आहे, तिचं ड्रेसिंग होतं. भूमिका सिस्टर दोन सिरिंज घेऊन आल्या. मी विचारलं कोणत्या. एक दुखण्याची, एक थोडी गुंगीची. मी दुसरी धरली. "नींद वाली नहीं."

"भैया, घाव साफ करना है. आधा घंटा लगेगा. अंकल डर जाते हैं."

"नहीं मतलब नहीं. एक बार सुला के देख लिया ना? मैडम को बुलाओ, लिख के दूँगा."

त्यांनी दुखण्याचं दिलं आणि ड्रेसिंग केलं. मी काचेबाहेर उभा. बाबांचं तोंड उघडलं होतं आणि त्यातून आवाज येत नव्हता. ओरडणारा माणूस आणि आवाज नाही. पंधरावीस मिनिटं. मी स्वतःला सांगत राहिलो, हे त्यांच्या भल्यासाठी.

हात धुऊन सिस्टर बाहेर आल्या. डोळे लाल. हळू आवाजात, पण असं बोलल्या की सिक्युरिटीवाल्यानं मान वळवली.

"तुमको बुरा लगा तो सुलवा दिया. अब तुमको पछतावा है तो जगा के रखोगे. बीच में वो जो लेटा है, वो किसका मरीज है? उससे पूछा कभी? मुंडी हिलाता है, आँख झपकाता है, सब समझता है. बस तुम्हीं नहीं पूछते."

मी न भांडता खाली उतरलो. आयुष्यात पहिल्यांदाच असेल. गुड्डू म्हणून चहावाला खाली असतो, त्याच्याकडे जाऊन बसलो. तो म्हणाला, "क्या हुआ भाई, आज झगड़ा नहीं हुआ क्या किसी से?"

२९ जानेवारी, बुधवार

विचारलं. ड्रेसिंगच्या आधी. "बाबा, गुंगीचं देऊ म्हणतात. पाहिजे?" त्यांनी लगेच डोळे मिटले आणि उघडले. इतक्या लगेच, की मला कालचा दिवस कुठे ठेवू कळेना.

मृणालचा नंबर काढून टाकला. पाठ आहे, ही गोष्ट वेगळी. तिला काही लिहिलं नाही. माफी मागायची म्हणून लिहिणं म्हणजेसुद्धा एक मेसेजच.

१ फेब्रुवारी, शनिवार

किडनी बंद पडत चालली. बीपीचं औषध वाढवत नेलं, आता वाढवायला जागा नाही. फुप्फुसं घट्ट झालीत, मशीन पूर्ण जोर लावते तेव्हा कुठे हवा जाते. बाबा दिवसाचे दोनतीन तास जागे असतात आणि त्या वेळात ते नुसता श्वास ओढतात. दुसरं कामच नाही.

३ फेब्रुवारी, सोमवार

डॉ. प्राचींनी आईला, मला आणि दौलतकाकांना त्यांच्या खोलीत बसवलं. स्वतः खुर्ची ओढून आमच्या बाजूला आल्या, टेबलाच्या पलीकडे बसल्या नाहीत. म्हणाल्या की आता बरं होण्याचं काही उरलेलं नाही. औषधं आहेत, पण ती दिवस वाढवतील, माणूस परत देणार नाहीत. डायलिसिस करायचं नाही, हृदय थांबलं तर छाती दाबायची नाही, असं आपण ठरवू शकतो.

काका म्हणाले, "म्हणजे सोडून द्यायचं?"

"सोडायचं नाही. त्रास सोडवायचा. दुखणं आणि धाप, या दोन गोष्टी शेवटपर्यंत माझ्याकडे."

मी विचारलं, तो पहिला आठवडा नीट गेला असता तर? त्या म्हणाल्या, "माहीत नाही. वाचले असते असं म्हणणार नाही, नसते वाचले असंही म्हणणार नाही. मला खरंच माहीत नाही, सुजय."

मला वाटलं होतं त्या एकतर हो म्हणतील, एकतर नाही. या उत्तरासोबत मला पुढची चाळीस-पन्नास वर्षं राहायचं आहे.

आईनं एकच विचारलं. "झोपवल्यावर दुखन नाही ना त्याईले?"

"नाही दुखणार. आधी दुखण्याचं, मग झोपेचं. मी स्वतः बघीन. पण ते जागे आहेत, समजतं त्यांना. झोपायचं का, हे उद्या सकाळी त्यांनाच विचारू."

मी म्हणालो, "मी विचारतो."

आईनं माझ्याकडे पाहिलं. तिला भीती वाटली असेल की मी तिथेही ओरडीन.

४ फेब्रुवारी, मंगळवार

आई आधी गेली. तिनं त्यांचे केस विंचरले, कपाळाला अंगारा लावला, पंधरा मिनिटांनी बाहेर आली आणि भिंतीकडे तोंड करून बसली. मग काका जाऊन आले. मग मी.

काल घरी जाऊन मी एक भाषण तयार केलं होतं. त्या मंगळवारच्या चहापासून सगळं. दारापर्यंत ते ओठांवर होतं. आत गेलो, बाबांकडे पाहिलं, आणि दिसलं की त्यांना एक-एक श्वास मोजून ओढावा लागतो आहे. त्यात माझं भाषण ऐकायचं म्हणजे आणखी एक काम. ते भाषण माझ्यासाठी होतं. मी ते बोललो नाही.

स्टूल ओढून बसलो. दंड हातात घेतला. ताठ होता.

"बाबा, दुखतं?"

डोळे मिटले, उघडले. हो.

"डावीकडे?"

डोळे उघडेच. नाही.

"पाठ?"

नाही. ओठ हलले. मी वाकलो. श्वास, म्हणाले. दोनदा म्हणाले.

"बाबा, डॉक्टर म्हणतात की धाप लागणार नाही असं औषध देता येईल. पण त्यानं झोप लागेल. गाढ." इथे थांबलो. मग उरलेलं बोललो, कारण अर्धवट सांगून हो घेणं म्हणजे पुन्हा आपलंच खरं करणं. "मग कदाचित उठणार नाही तुम्ही. झोपायचं?"

ते बघत राहिले. मीही बघत राहिलो. मशीन चालू होती. खूप वेळ गेला, किंवा तीन-चार श्वासच गेले असतील.

डोळे मिटले. उघडले.

मी दोनदा चुकलेला माणूस. म्हणून पुन्हा विचारलं, अगदी त्याच शब्दांत. डोळे मिटले. उघडले. आणि या वेळी मानही थोडी हलली, जशी पोराला एकदा सांगून कळत नाही तेव्हा बापाची हलते.

मी म्हणालो, "सिस्टर, दे दो."

भूमिका सिस्टरनी विचारलं, "अंकल ने बोला?"

"हाँ. दो बार."

डॉ. प्राची मागे उभ्या होत्या. आधी दुखण्याचं, धापेचं. मी घड्याळ बघितलं नाही, कपाळ बघितलं. आठी सैल झाली. दंड माझ्या हातात मऊ झाला. छातीची ओढाताण कमी झाली, मशीन एका लयीत आली. मग दुसरं औषध. पापण्या जड व्हायला लागल्या तेव्हा ओठ पुन्हा हलले. मी कान नेला, पण आवाज नसतो हे विसरलो होतो. मग तोंडाकडे पाहिलं.

"आई… जेवली?"

"हो," मी म्हणालो. "पोटभर."

त्यांनी डोळे मिटले. हे हो नव्हतं, नाही नव्हतं. नुसते मिटले.

मी हात धरून बसून राहिलो. थोड्या वेळानं सिस्टर म्हणाल्या, "अब करवट देंगे. दाहिनी तरफ. रुकना है तो रुक सकते हो भैया, आज कोई नहीं भगाएगा."

रुकायचं होतं. आजवर अशा वेळी मी पळ काढला, आज खरंच थांबायचं होतं. पण आई कालपासून उपाशी बाहेर बसली होती आणि मी आत बाबांना खोटं सांगून बसलो होतो. तिचा डबा खुर्चीखाली तसाच होता. दुपार होत आली होती.

बाबांचा हात चादरीवर ठेवला. सिस्टरना म्हणालो, संभाल के. उठलो, बाहेर आलो. ते काचेचं दार आपोआप लागत नाही, ओढावं लागतं. आवाज होऊ नये म्हणून दोन्ही हातांनी धरून ओढलं, आणि पूर्ण लागेपर्यंत धरून ठेवलं.